पीएम विद्यालक्ष्मी पोर्टल: सांगलीहून अर्ज भरण्याआधी

पुण्यातल्या खाजगी विद्यापीठात ॲडमिशन ठरलं की सांगली-मिरजेकडे पहिली धाव पतसंस्थेकडे असते. त्याआधी केंद्र सरकारचं शैक्षणिक कर्जाचं हे पोर्टल बघा. तारण नको, जामीनदार नको. पाचपैकी साडेतीन तारे. दीड का कापला, ते खाली येतंच.

आधी पात्र संस्थांची यादी उघडा. ती एनआयआरएफ, म्हणजे केंद्राच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीवरून ठरते आणि खाजगी संस्था पहिल्या शंभरात असावी लागते. विद्यापीठाच्या फ्लेक्सवरची नॅकची (दर्जा तपासणाऱ्या संस्थेची) ‘ए प्लस’ श्रेणी इथे कामाची नाही. यादीत नाव नसेल तर बँकेचं साधं शैक्षणिक कर्ज: साडेसात लाखांपर्यंत तारण नाही, पण चार लाखांच्या वर 5 टक्के मार्जिन, म्हणजे खर्चातला आपला वाटा, घरातून घालावं लागतं.

व्याजसवलतीबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजदरात 3 टक्के सूट, तीही फक्त शिक्षणाचा काळ अधिक एक वर्ष. समजा चार वर्षं दरवर्षी दोन लाख उचलले आणि दर 10 टक्के आहे. पाच वर्षांचं व्याज होतं 2,80,000. त्यात सवलत 84,000. उरलेले 1,96,000 शिकत असताना भरले नाहीत तर मुद्दलात चढतात आणि हप्ता फुगतो. महिन्याला जमेल तेवढं व्याज भरत राहिलेलं बरं.

वर्षाला एक लाखच विद्यार्थ्यांना ही सवलत मिळते आणि प्राधान्य सरकारी संस्थेतल्या मुलांना. म्हणजे खाजगीवाले रांगेत मागे. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश असेल तर विषयच संपला. दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा फीपरतावा घेतलात तरी ही सवलत जाते. वर्ष अर्धवट सोडलं तरी जाते.

कागदांत दोन ठिकाणी गाडी अडते. दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, शिवाय वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं; हे अर्जाआधीच आधार केंद्रात जुळवून घ्या. दुसरा उत्पन्नाचा दाखला. तलाठ्याचा चालत नाही, तहसीलदाराचा लागतो. सेतूत अर्ज टाकल्यावर कायद्याने मुदत 15 दिवसांची आहे, पण जून-जुलैत तासगाव काय, जत काय, गर्दी सगळीकडेच. मे महिन्यातच टाका.

विद्यापीठाकडून फीचं पत्र घेताना चारही वर्षांचं, वर्षवार मागा. त्यात हॉस्टेल, मेस, परीक्षा फी, लॅपटॉप वेगवेगळे लिहून घ्या. पत्रात नुसती ट्यूशन फी असेल तर बँक तेवढीच मंजूर करते आणि मेसचे पैसे द्राक्षविक्रीच्या पैशातून काढायची वेळ येते.

शाखा निवडताना पालकांच्या पत्त्याजवळची निवडा, कॉलेजजवळची नको. कर्ज मंजूर झालं म्हणजे सवलत लागली असं धरून बसू नका, तिची स्थिती पोर्टलवर वेगळी तपासा.