किनाबातांगनची बोट सफारी: रूम नंतर बघा, आधी बोट बघा

कोल्हापुरातून बोर्निओला जायचं ठरलं की ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, 'रूमला एसी आहे ना?' किनाबातांगन नदीकाठच्या सुकाऊ गावातल्या लॉजला आधी विचारायचं ते वेगळं: एका बोटीत किती माणसं बसवता, आणि बॅटरीवरची मोटर आहे का?

मलेशियाच्या साबा राज्यातली ही नदी 560 किलोमीटर लांब. काठाला जंगलाचा पट्टा, आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्या मागं लगेच पाम तेलाच्या बागा. प्राणी या पट्ट्यात कोंडले गेलेत, म्हणून इतके सहज दिसतात. दाजीपूरसारखं तासन्‌तास वाट बघणं इथं नाही, पण त्याचं कारण काही आनंदाचं नाही.

दोन रात्रींच्या पॅकेजात साधारण चार फेऱ्या हव्यात, दोन पहाटे आणि दोन संध्याकाळी. संध्याकाळची फेरी पैसे वसूल. लांब नाकाची माकडं दिवसभर आत पाला खातात आणि झोपायला काठावरच्या झाडांवर येतात. मोठा नर बेचक्यात ढेरी पुढं काढून बसतो, नाक तोंडावर लोंबत असतं. मेनांगुलसारख्या अरुंद उपनदीत शिरल्यावर चांगला नावाडी मोठं इंजिन बंद करून बॅटरीच्या मोटरवर येतो. ती नसेल तर आवाजानं कळप आत सरकतो आणि तुम्हाला हलत्या फांद्या तेवढ्या दिसतात. आठ जणांपर्यंतची बोट उत्तम. मोठी बोट झुकलेल्या फांद्यांखालून जात नाही, शिवाय मधल्याला कडेच्याचं डोकंच दिसतं.

दुर्बीण 8×42, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी घ्या. प्रवाहात बोटीचं पुढचं टोक सतत फिरतं, दहापटीच्या 10×42 मध्ये धनेशाऐवजी (हॉर्नबिल) नुसती थरथर दिसते. बोर्निओतले आठही जातींचे धनेश या नदीवर आहेत. तिलारी-दांडेलीकडं ज्यांनी पाहिलेत, त्यांना पंखांच्या आवाजावरूनच मान वर करायची सवय असेल. ट्रायपॉड घरीच ठेवा, शटर 1/1000 च्या आसपास धरा. एसीतून थेट बाहेर आणलेल्या लेन्सवर बाष्प धरतं, म्हणून कॅमेरा बॅगेत बंद ठेवूनच अर्धा तास आधी व्हरांड्यात आणा. पहाटेच्या फेरीचे पहिले फोटो बहुतेकांचे यातच जातात.

ओरांगउटान फळलेल्या उंबराच्या जातीच्या झाडावर शोधायचा. उजेड मागून असला तर तो केशरी नाही, काळाच दिसतो. हत्तींची हमी देणारा एजंट टाळा.

रात्रीच्या फेरीचे वेगळे पैसे पडतात. फांदीच्या टोकाला झोपलेला खंड्या हातभर अंतरावर दिसतो खरा, पण गाईड त्याच्या डोळ्यांवर झोत रोखून धरत असेल तर त्यात मजा नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाऊस जोरात असतो, पाणी जंगलात शिरतं. मेची सुट्टी बरी. गगनबावड्याला नेता तो रेनकोट चालेल, जळवांपासून वाचवणारे मोजे मात्र घरूनच न्या. शाकाहारी असाल तर बुकिंगवेळीच कळवा, आणि शेंगदाण्याच्या चटणीची पुडी बॅगेत असू द्या.