मॉर्मन चर्चचे दप्तर खुले झाले, पण कितपत? दोन ऑनलाइन सेवांचे परीक्षण

अमेरिकेतील युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटी येथे मुख्यालय असलेले 'चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स', म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेले मॉर्मन चर्च, आपल्या इतिहासाविषयी दोन सेवा विनामूल्य पुरवते. पहिली म्हणजे संस्थापक जोसेफ स्मिथ यांच्या मूळ कागदपत्रांचे 'जोसेफ स्मिथ पेपर्स' हे संकेतस्थळ. दुसरी म्हणजे २०१३ ते २०१५ या काळात चर्चच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध झालेले आणि आता 'गॉस्पेल लायब्ररी' या अ‍ॅपवरही वाचता येणारे, पंथाच्या इतिहासातील वादग्रस्त प्रश्नांवरचे 'गॉस्पेल टॉपिक्स' निबंध. पहिली सेवा उत्तम आहे, दुसरी कामापुरती आहे, आणि या दोहोंमधील अंतर पाहिले म्हणजे चिकित्सेला तोंड देताना हा पंथ कोणत्या दिशेने सरकेल याचा बराच अंदाज येतो.

आधी संकेतस्थळाविषयी. जोसेफ स्मिथ यांची रोजनिशी, पत्रे, प्रवचने, जमीन आणि कर्जाचे व्यवहार, न्यायालयीन कागद असे सर्व काही येथे मूळ पानाच्या छायाचित्रासह आणि शेजारी खाडाखोड जशीच्या तशी दाखवणाऱ्या मुद्रित पाठासह वाचता येते. याच प्रकल्पाचे २७ छापील खंड २००८ ते २०२३ या काळात निघाले. मराठी इतिहासलेखनात बखरीपेक्षा अस्सल कागदाला मान देण्याची जी शिस्त रुजली, ती मानणाऱ्या वाचकाला येथे परकेपणा वाटणार नाही. उदाहरणार्थ, जोसेफ स्मिथ यांना तरुणपणी झालेल्या पहिल्या साक्षात्काराची चार कथने त्यांच्या हयातीतच नोंदली गेली. १८३२ च्या कथनात प्रभूच्या दर्शनाचा उल्लेख आहे, तर पुढे पंथाने प्रमाण मानलेल्या १८३८ च्या कथनात पिता आणि पुत्र असे दोघे प्रकट होतात. १८३२ चा मजकूर १९६० च्या दशकापर्यंत अप्रकाशित होता. आज तो कोणालाही घरबसल्या पाहता येतो, आणि त्यातील काही ओळी स्वतः जोसेफ स्मिथ यांच्या हातच्या आहेत हे संपादकीय टीप नीट सांगते. १८४४ मध्ये इलिनॉय राज्यातील नावू येथे, म्हणजे पंथाच्या तेव्हाच्या केंद्रात, स्थापन झालेल्या 'कौन्सिल ऑफ फिफ्टी' या गुप्त मंडळाची इतिवृत्तेही दीर्घकाळ संशोधकांना बंद होती. ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. दप्तर बंद ठेवण्याची किंमत चर्चने पूर्वी मोजलेली आहे. १९८० च्या दशकात दुर्मिळ कागदपत्रांचा व्यापारी असलेल्या मार्क हॉफमनने बनवलेले खोटे ऐतिहासिक कागद चर्चपर्यंत पोहोचले, आणि १९८५ मध्ये त्याने केलेल्या बॉम्बस्फोटांत दोघांचा बळी गेला. अस्सल कागद सर्वांसमोर असते तर बनावट कागदांचा बाजार एवढा तेजीत आला नसता, असे मला वाटते.

निबंधांकडे वळताच भाषेचा पोत बदलतो. त्यांवर लेखकांची नावे नाहीत, आणि विद्वानांची मदत घेतल्याचे सांगितले असले तरी कोणते वाक्य कोणाचे, हे कळत नाही. वंशाविषयीचा निबंध या मालिकेतील सर्वांत धीट म्हणावा लागेल. जोसेफ स्मिथ यांच्या काळात काही कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य (या चर्चमध्ये सामान्य पुरुष सदस्यांनाही दिला जाणारा धार्मिक अधिकार) मिळाले होते, १८५२ मध्ये त्यांच्यानंतरचे प्रमुख ब्रिगॅम यंग यांनी त्यावर बंदी जाहीर केली आणि ती १९७८ पर्यंत टिकली, हे तो स्पष्टपणे मांडतो. काळी त्वचा हा ईश्वरी कोपाचा किंवा शापाचा परिणाम होय, ही जुनी उपपत्तीही तो नाकारतो. मात्र बंदी मुळातच चूक होती का, या प्रश्नापाशी येऊन तो थांबतो, आणि क्षमायाचनेचा शब्द त्यात कोठेही नाही.

बहुपत्नीत्वाचा निबंध वाचताना सावधगिरीचा ताण अधिक जाणवतो. जोसेफ स्मिथ यांच्या पत्नींची संख्या ३० ते ४० असावी, ही सर्वाधिक खळबळ उडवणारी माहिती मुख्य मजकुरात नसून तळटीपेत आहे. सर्वांत लहान वधू हेलन मार किंबॉल यांचे वय सांगताना 'पंधराव्या वाढदिवसाच्या काही महिने आधी' अशी शब्दयोजना केली आहे. चौदा वर्षे हा आकडा लिहिण्यास काय हरकत होती, हे मला कळले नाही. माहिती खोटी नाही. ती अशा कोपऱ्यात ठेवली आहे की शोधणाऱ्यालाच सापडावी.

सर्वांत अशक्त निबंध पंथाच्या धर्मग्रंथांपैकी एक असलेल्या 'बुक ऑफ अब्राहम' विषयीचा. ज्या पपायरसांवरून (प्राचीन इजिप्तमधील लव्हाळ्याच्या कागदावरून) हा ग्रंथ जोसेफ स्मिथ यांनी सिद्ध केला असे सांगितले जात असे, त्यांचे काही तुकडे १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाकडून चर्चला मिळाले, आणि ते अब्राहमाशी संबंध नसलेले इजिप्शियन अंत्यविधीचे पाठ असल्याचे तज्ज्ञांनी दाखवून दिले. निबंध हे मान्य करतो आणि मग दोन वाटा सुचवतो: मूळ मजकूर हरवलेल्या तुकड्यांत असेल, किंवा पपायरस हे केवळ साक्षात्काराला निमित्त ठरले असेल. दुसरी वाट स्वीकारली की पुराव्याने खोडता येईल असे फारसे काही उरत नाही, आणि ती श्रद्धावंताला सोयीची असली तरी इतिहासाच्या वाचकाचे समाधान करत नाही. जोसेफ स्मिथ यांनी प्रसिद्ध केलेल्या 'बुक ऑफ मॉर्मन' या पंथाच्या मुख्य ग्रंथाच्या प्रस्तावनेतही अशीच माघार दिसते. त्या ग्रंथातील लोक अमेरिकेतील मूळ रहिवाशांचे मुख्य पूर्वज असल्याचे १९८१ पासून तेथे छापले जात होते. २००६ मध्ये ते अनेक पूर्वजांपैकी एक झाले.

या सेवा एकत्र पाहता एक गोष्ट ठळक होते. आचारविषयक नियम बदलणे या चर्चला अवघड जात नाही, कारण ईश्वरी मार्गदर्शन आजही चालू आहे, या मूळ श्रद्धेतच त्याची सोय आहे. १८९० मध्ये चर्चचे तेव्हाचे प्रमुख विल्फर्ड वुडरफ यांनी बहुपत्नीत्व थांबवल्याचे जाहीर केले. १९७८ मध्ये पौरोहित्यावरील वांशिक बंदी उठली. समलिंगी जोडप्यांच्या मुलांविषयी २०१५ मध्ये केलेला कडक नियम २०१९ मध्येच मागे घेतला गेला. संस्थापक आणि त्यांचे ग्रंथ यांविषयीचे दावे मात्र त्या मार्गाने सोडता येत नाहीत, म्हणून तेथे दावा कायम ठेवून त्याचा आवाका हळूहळू आटवला जातो. त्याच मुळातून फुटलेल्या 'कम्युनिटी ऑफ ख्राइस्ट' या शाखेने वेगळा मार्ग धरला: १९८४ मध्ये स्त्रियांसाठी पौरोहित्य खुले केले आणि 'बुक ऑफ मॉर्मन'वरील श्रद्धा सदस्यत्वाची अट ठेवली नाही. २०२४ मध्ये तिने ओहायोतील कर्टलंडचे ऐतिहासिक मंदिर आणि इतर वास्तू व हस्तलिखिते १९.२५ कोटी डॉलरला युटाच्या चर्चला विकली. सॉल्ट लेक सिटीतील नेतृत्वाने हे उदाहरण पाहून त्या मार्गाला लागण्याची घाई करावी, असे मला वाटत नाही. २०१६ मध्ये चर्चचे एक वरिष्ठ नेते एम. रसेल बॅलर्ड यांनी धर्मशिक्षकांना हे निबंध तोंडपाठ असल्यासारखे माहीत असावेत असे बजावले होते. म्हणजे अडचणीची माहिती मुलांना टीकाकारांआधी आपल्याच शिक्षकाकडून कळावी, हा त्यामागचा हिशेब दिसतो. पुढची काही दशके हाच उपाय चालेल असा माझा अंदाज आहे.

वापरण्याच्या दृष्टीने सांगायचे तर दोन्ही सेवांसाठी चांगले इंग्रजी लागते, आणि पेपर्सच्या संकेतस्थळावर एकोणिसाव्या शतकातील शुद्धलेखनाची सवय होईपर्यंत गती येत नाही. निबंध वाचताना तळटीपा उघड्या ठेवाव्यात आणि तेथे उल्लेखलेला कागद संकेतस्थळावर शोधून आधी वाचावा. नवख्याने १८३२ च्या कथनापासून सुरुवात करावी. ते लहान आहे आणि खाडाखोडीसह वाचण्याची रीत त्यातून लवकर उमजते.