वागळे इस्टेटमध्ये राजदूत ३५० चं इंजिन बांधून घेतलं: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

माझी राजदूत ३५० आहे १९८७ची, लो टॉर्क म्हणजे कमी ताकदीचं मॉडेल. यामाहाच्या आरडी ३५० वरून एस्कॉर्ट्सने १९८३ साली इथे आणलेली, ३४७ सीसीची, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक गाडी. कंपनीने ती बनवणं थांबवून पस्तीसेक वर्षं झाली. पार्ट अजून शोधले की मिळतात. ते मापात बसवणारा हात मात्र मिळता मिळत नाही. मला तो मिळाला, पण त्याआधी एक इंजिन वाया घालवून.

पहिल्यांदा सिलिंडर दिले नवी मुंबईतल्या एका रिबोअरच्या, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कोरून मोठा करणाऱ्या दुकानात. रिक्षा-टेम्पोची इंजिनं रोज करणारं, गर्दीचं दुकान. त्यांनी मी पिस्टन नेण्याआधीच दोन्ही सिलिंडर ५० च्या ओव्हरसाइजला, म्हणजे मूळ मापापेक्षा ०.५० मिमी मोठे, मारून ठेवले. काम लवकर झालं म्हणून मी खूश. सहाशे किलोमीटरनंतर घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर डावा पिस्टन जाम झाला. झटक्यात क्लच दाबला म्हणून मागचं चाक मोकळं झालं आणि मी वाचलो; मागून कंटेनर येत होता.

हेड उघडलं तर पिस्टनवर उभे ओरखडे आणि रिंग तुटलेली. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरच्या भिंतीला पोर्टच्या खिडक्या असतात. बोअर मारला की त्यांच्या कडांना ब्लेडसारखी धार येते. ती हाताने घासून मोडावी लागते, नाहीतर रिंग वर-खाली जाताना तिथे अडकते. फोर-स्ट्रोकच्या भिंतीला खिडक्याच नसतात, त्यामुळे तीच कामं करणाऱ्याच्या हे ध्यानातही येत नाही. त्या दुकानाने मला फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यांना टू-स्ट्रोक माहीत नव्हती आणि मी विचारलं नाही.

वागळे इस्टेटमधल्या गाळ्याचा पत्ता कोपरीच्या एका मेकॅनिकने दिला. आत एक लेथ, उभं बोरिंग मशीन, हायड्रॉलिक प्रेस आणि सत्तरीला टेकलेले काका. आयुष्य टूलरूममध्ये गेलेलं. मी सिलिंडर टेबलावर ठेवले, तर त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

"पिस्टन आणलाय?"

"नाही काका, तुमचं झालं की घेतो."

"मग सिलिंडर घरी घेऊन जा. पिस्टन हातात आल्याशिवाय मी बोअर मारत नाही."

तिथेच मी ठरवलं, काम इथेच द्यायचं.

पुढच्या आठवड्यात पिस्टन नेले. सिलिंडरमधले ओरखडे इतके खोल होते की ७५ ला साफ होईनात, थेट १०० च्या ओव्हरसाइजला जावं लागलं. म्हणजे हा शेवटचा बोअर, यापुढे स्लीव्हच, म्हणजे आत नवी नळी बसवणं. काकांनी पिनच्या काटकोनात, स्कर्टच्या खालच्या बाजूला मायक्रोमीटर लावला. एकाच खोक्यातले दोन पिस्टन, तरी एक दुसऱ्यापेक्षा मिलिमीटरच्या एका शतांशाने मोठा निघाला. त्यांनी मार्करने डावा-उजवा लिहिलं आणि प्रत्येक सिलिंडर त्याच्या त्याच्या पिस्टनच्या मापाने मारला. पिस्टन आणि भिंतीमधला गॅप ठेवला दोन थाऊ (इंचाचे दोन हजारांश), म्हणजे ०.०५ मिमी. बोरिंगनंतर सिलिंडर रात्रभर तसेच ठेवले, होनिंग, म्हणजे दगडाने घासून शेवटचं माप देणं, दुसऱ्या दिवशी. गरम सिलिंडरचं माप खोटं असतं, असं त्यांचं म्हणणं. सकाळी गेलो तेव्हा ते कानशीने पोर्टच्या कडा घासत होते. मग बोट आत घालायला सांगितलं. कुठेही नखाला लागलं नाही.

क्रँकचं, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचं काम मी मुद्दाम समोर बसून पाहिलं. या गाडीचा क्रँक तुकड्या-तुकड्यांनी प्रेसवर जोडलेला असतो, कनेक्टिंग रॉड बदलायचा तर सगळा सोडवायचा. नवे रॉड घालून प्रेस केल्यावर काकांनी तो दोन सेंटरमध्ये धरला, क्रँक किती वाकडा फिरतो ते दाखवणारा डायल गेज टेकवला आणि क्रँक हाताने सावकाश फिरवला. सुई आठ शतांश हलत होती. त्यांनी खडूने खूण केली, क्रँक काढला, तांब्याच्या हातोडीचा एकच घाव घातला, पुन्हा लावला. पाच. पुन्हा घाव. चार. मग उलटी सात झाली. त्यांनी हातोडी ठेवली, चहा मागवला आणि चहा संपेपर्यंत क्रँककडे पाहिलंच नाही. तासाभराने सुई दोनवर आली. तेवढ्या वेळात एकदाही "चालतंय" हा शब्द त्यांच्या तोंडून आला नाही.

इंजिन जोडल्यावर कुठून हवा गळते का हे पाहायला त्यांनी हवेची चाचणीही सुचवली. इनटेक आणि एक्झॉस्ट रबरी बुचांनी बंद केले आणि बीपी मोजायच्या जुन्या यंत्राच्या फुग्याने हवा भरली, काटा ३०० वर नेऊन. दोन्ही सिलिंडर एकदमच बंद करायचे, कारण दोन सिलिंडरच्या मधला, क्रँकवरचा लॅबिरिंथ सील (खाचांचा सील) हवा पूर्ण अडवत नाही. काटा सरकू लागला. साबणाचं पाणी लावलं तर डाव्या बाजूच्या, इग्निशनच्या पॉइंटकडच्या क्रँक सीलवर बुडबुडे. तिथून हवा ओढली गेली की पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं आणि डावा पिस्टन आधी तापतो. गायमुखला रिंगच्या जोडीला हेही नडलं असणार, अशी माझी आता खात्री आहे. तो सील मीच बाजारातून स्वस्तातला आणला होता. बदलला, मग सहा मिनिटं काटा जागचा हलला नाही.

त्रासही लिहितो. तीन आठवडे म्हणाले होते, लागले अडीच महिने. फोन उचलत नाहीत, स्वतः जावं लागतं आणि शुक्रवारी गाळा बंद. कच्च्या कागदावर हिशेब, पक्कं बिल मागून घ्यावं लागलं. बोअर-होनिंगचे दोन्ही सिलिंडरचे २,६०० आणि क्रँकचे ४,५०० घेतले, पार्ट वेगळे. मी आणलेली दोन बेअरिंगं नकली म्हणून परत केली. तेव्हा राग आला होता. नवी अस्सल बेअरिंगं हातात घेऊन फिरवल्यावर फरक मलाही कळला.

पहिले हजार किलोमीटर सांभाळून चालवली, चढावर गिअर खाली घेत. आता ४,१०० किलोमीटर झाले. जूनमध्ये माळशेज करून आलो, घरी येऊन प्लग काढले, दोन्हीचा रंग एकसारखा बिस्किटी. व्हायब्रेशन आधीपेक्षा निम्मं वाटतं, पायाला मुंग्या येत नाहीत. क्लचच्या कव्हरखाली थोडं ऑइल पाझरतं, ते गॅस्केटचं आहे, काकांच्या कामाचं नाही.

मित्राच्या यामाहा आरएक्स १०० चा क्रँक गेल्या महिन्यात त्यांच्याकडे नेला. पिस्टन सोबत होता. दिवाळीनंतर नंबर लागेल म्हणाले, आम्ही ठेवून आलो.