मिरामारची रविवारची स्पॅरिंग : अकरा रविवारांनंतर

फोंड्याहून पहाटे साडेपाचला स्कूटर काढली की साडेसहाच्या आत मी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर पोचते, स्पॅरिंगला, म्हणजे जोडीने खेळायच्या सरावाच्या लढतींना. नोव्हेंबरपासून असे अकरा रविवार झाले. ओळखीच्या दोघातिघांनी विचारलं, "मॅडम, तिथे नेमकं करतात काय? मारामारी?" म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

भाऊसाहेब बांदोडकरांच्या समाधीकडून वाळूत उतरायचं आणि डावीकडे करंजाळेच्या दिशेने थोडं चालायचं. ओहोटी असेल तर पाण्याजवळची ओली, घट्ट वाळू मिळते. भरतीला कोरड्या वाळूत पाय रुततात आणि दोन राउंडांतच पोटऱ्या भरून येतात. इथे सर नाहीत, बेल्ट नाहीत, फी नाही. पाण्याचे आणि बर्फाचे मिळून पन्नास रुपये काढतात, तेवढेच. दहा-पंधरा माणसं जमतात. बॉक्सिंगवाले, मुए थायवाले (थायलंडचा ठोशा-लाथांचा खेळ), तायक्वांदो खेळणारी कॉलेजची दोन मुलं, जिउ-जित्सूचे (जमिनीवरच्या पकडींचा खेळ) तिघे आणि माझ्यासारखे जुने कराटेवाले.

मला इथली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे राउंड सुरू होण्याआधीचं एक वाक्य. तीन मिनिटांत आपण काय करणार, ते दोघांनीही बोलून दाखवायचं. "मी फक्त जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) आणि पायांची हालचाल." "मला लो किक (पायावर मारलेली लाथ) अडवायची सवय करायची आहे." "मी आज मागे सरणार नाही, बाजूला जाणार." ज्याला वाक्य सुचत नाही त्याने एक राउंड बसून बघायचं. नवीन माणसाला हे शाळेसारखं वाटतं. मी शाळेत विज्ञान शिकवते, तरी मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं. पण हेतू ठरला की जोर किती लावायचा हे बरंचसं आपोआप ठरतं. जॅब बघायला शिकायचं असेल तर तो जोरात लागून काय उपयोग?

माझंच उदाहरण देते. मी क्योकुशिन ही कराटेची शैली शिकले. त्यात अंगावर पूर्ण जोराने ठोसे चालतात, पण चेहऱ्यावर मुठीने मारायला बंदी. त्यामुळे माझे हात वर्षानुवर्षं छातीपाशीच राहिले. पहिल्या रविवारी एकोणीस वर्षांच्या एका मुलाचा जॅब तीन मिनिटांत सहा वेळा माझ्या नाकाला टेकला. टेकला, लागला नाही. जोरात लागला असता तर दुसऱ्याच वेळी मी डोळे मिटले असते, आणि मिटलेल्या डोळ्यांनी काही शिकता येत नाही. चौथ्या रविवारी मला त्याचा खांदा हलताना दिसायला लागला. पंधरा वर्षांत जे जमलं नव्हतं ते चार रविवारांत जमलं, कारण मला भीती वाटत नव्हती.

जोराचं माप हा मात्र सगळीकडचाच घोटाळा आहे. सगळे म्हणतात, "तीस टक्के खेळूया." कुणाचे तीस? पंच्याऐंशी किलोच्या माणसाचे तीस टक्के माझ्या चोपन्न किलोच्या बरगड्यांना साठ वाटतात. इथल्या जुन्या मंडळींनी टक्के सोडून दिलेत. डोक्याला ग्लोव्ह टेकावा, मान मागे जाता कामा नये. पोटावर बसावा, श्वास अडकता कामा नये. मांडीवर किक लागली तरी सोमवारी जिना चढता आला पाहिजे. माप मार खाणाऱ्याच्या अंगाचं, मार देणाऱ्याच्या नव्हे.

तरीही जोर वाढतोच. 2003 साली युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी यावर प्रयोग केला होता. दोघांनी आळीपाळीने एकमेकांच्या बोटावर दाब द्यायचा, आणि आपल्याला मिळाला तेवढाच परत करायचा. दर फेरीला दाब वाढत गेला, आणि दोघेही आपण तेवढाच दिला असं प्रामाणिकपणे सांगत होते. स्वतः दिलेला जोर मेंदूला कमी जाणवतो. स्पॅरिंगमध्ये हेच होतं, त्यात कुणाच्या मनात खोट असतेच असं नाही. म्हणून इथे बाहेर उभा असलेला कुणीही "सवकास!" (कोंकणीत, हळू) असं ओरडू शकतो. ते ऐकलं की दोघांनी ग्लोव्ह टेकवून पुन्हा हलक्यापासून सुरुवात करायची. राग मानायचा नाही.

याची किंमत मला कळते, कारण चोविसाव्या वर्षी एका जिममध्ये शनिवारच्या सेशनला मला असं थांबवणारं कुणी नव्हतं. डोक्यावर हेडगार्ड होतं, म्हणून समोरच्याने जोर लावला आणि मीही. कानशिलावर एक हुक, म्हणजे बाजूने येणारा ठोसा, बसला. मी उभी होते, त्यामुळे पुढचे दोन राउंडही खेळवले. संध्याकाळी उलट्या झाल्या, आणि तीन आठवडे वर्गातली ट्यूबलाइट डोळ्यांना सहन होईना. हेडगार्ड कापण्या-फुटण्यापासून वाचवतं, कवटीच्या आत मेंदू हलतो तो हलतोच. 2016च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पुरुष बॉक्सर हेडगार्डशिवाय उतरले होते. इथला नियम साधा आहे. डोक्याला जोराचा मार लागला की त्या दिवशीचं खेळणं संपलं, तुम्ही कितीही ठीक असलात तरी.

कठीण राउंडही होतात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी, ज्यांची लढत तोंडावर आहे अशांचे. दोघांनी आठवडाभर आधी ठरवलेलं असतं, सोळा औंसांचे ग्लोव्ह, मध्ये तिसरा माणूस. मी त्यात उतरत नाही, पण ते चुकीचंही मानत नाही. ज्याला रिंगमध्ये उतरायचं आहे त्याला खऱ्या जोराची ओळख हवीच. फक्त ती रोज नको.

आता उणिवा. सामाईक ग्लोव्ह दमट असतात आणि वास मारतात, स्वतःचे न्या. जिउ-जित्सूसाठी वाळूवर ताडपत्री घालतात, ती सरकते आणि कोपरं सोलवटतात. खाली खेळायचंच असेल तर मॅट असलेला हॉल बरा. प्रथमोपचाराची पेटी जानेवारीपर्यंत नव्हती, नुसता बर्फ आणि टेप. मी दोनदा बोलले तेव्हा आली. बायका आम्ही तिघीच, त्यामुळे वजनाची जोडी क्वचित जमते. फोंडा, डिचोली, म्हापशाकडच्या मुलींनी यावं असं मला मनापासून वाटतं, पहिल्या दिवशी मी तुमच्याबरोबर राउंड घेईन. आणि नऊनंतर थांबू नका. ऊन चढतं, पर्यटक मोबाइल काढून गोल करतात, आणि बघणारे वाढले की जोरही वाढतो.

माउथगार्ड नसेल तर उतरू देत नाहीत. गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा साधा मिळतो, तो पुरतो.

पुढच्या रविवारचं माझं वाक्य ठरलं आहे : उजवा हात हनुवटीवरून खाली आणायचा नाही.