कानाने वाचायला लागून नऊ महिने झाले

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापुरात, तहसील कचेरीजवळ माझं टायपिंग आणि अर्ज भरून द्यायचं छोटं दुकान आहे. मराठी, कन्नड, इंग्रजी, जे लागेल ते. डोळ्यांचा आजार जुना आहे, डॉक्टर त्याला रेटिनायटिस पिगमेंटोसा म्हणतात. आधी रात्रीचं दिसेना, मग बाजूचं. आता नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसतं, आणि तेही दुपारनंतर थकतं. चष्मा आणि भिंगावर जमेल तितकं रेटलं. गेल्या पावसाळ्यात एका गिऱ्हाइकाच्या अर्जावर दुसऱ्याच्या आधारचा नंबर गेला, त्या दिवशी ठरवलं की आता डोळ्यांवर विसंबायचं नाही. त्यानंतरच्या नऊ महिन्यांचा हा अनुभव. माझ्यासारखं कुणी असेल तर उपयोग होईल.

संगणकावर एनव्हीडीए घातलं. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं हे सॉफ्टवेअर फुकट आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या दृष्टिहीन माणसाने ते २००६ मध्ये सुरू केलं. पेन ड्राइव्हवर ठेवून दुसऱ्याच्या संगणकावरही चालवता येतं, म्हणून बेळगावला काम असलं की पेन ड्राइव्ह खिशात टाकून जातो. फोनवर तेच काम करणारं टॉकबॅक आहे. त्यासाठी वेगळं काही घ्यावं लागत नाही, अँड्रॉइडमध्येच असतं. दोन्ही आवाजाची बटणं तीन सेकंद दाबून धरली की सुरू, परत धरली की बंद. पहिले पंधरा दिवस मी ते दिवसातून वीस वेळा बंद केलं, हे कबूल करतो. एकदा बोट लावलं की फक्त नाव सांगतं, उघडायला दोनदा टकटक करावी लागते. जुन्या हाताला ही सवय लवकर लागत नाही. भाचा म्हणायचा, "मामा, फोन बिघडलाय काय? माझ्या हातात काहीच उघडंना झालंय."

इअरफोन एकाच कानात घालतो, दुसरा कान गिऱ्हाइकासाठी मोकळा. वायरचाच घ्या. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित मागून येतो, आणि टाइप करताना तो किंचितही जाचतो. बोलण्याचा वेग सुरुवातीला बैलगाडीचा ठेवला होता. आता इतका वाढवलाय की बायकोला ती भाषा कुठली तेच कळत नाही.

मराठी माणसाची खरी अडचण लिपीची आहे. कन्नड मजकूर आला की लिपीवरूनच यंत्राला कळतं, ते कन्नड आवाजात वाचायला लागतं. देवनागरी आली की मात्र हिंदी समजून वाचायची भीती. ज्ञानेश्वरचं ग्यानेश्वर होतं, 'केलं' आणि 'गेलं' यांच्या शेवटी म किंवा न चिकटतो, 'चमचा'तला च हिंदीतल्यासारखा ऐकू येतो. आम्हा बेळगावकडच्यांचं आयुष्य मराठी-कन्नड वादात गेलं, आणि फोनमध्ये बघावं तर मराठी-हिंदीचा. उपाय सोपा आहे, फक्त शोधावा लागतो. फोनच्या टेक्स्ट टू स्पीचच्या, म्हणजे मजकूर बोलून दाखवायच्या, सेटिंगमध्ये जाऊन मराठी आवाज वेगळा डाउनलोड करायचा आणि तोच मुख्य ठेवायचा. हे पहिल्याच दिवशी करा. मी दोन महिन्यांनी केलं.

जुन्या फायलींचं दुखणं निराळं. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या आजच्या सामाईक पद्धतीच्या, आधीचे मराठी आणि कन्नड फॉन्ट नुसती इंग्रजी अक्षरांवर घातलेली सोंगं होती. डोळ्याला 'तहसीलदार' दिसतं, आत इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला असतो, आणि वाचक सॉफ्टवेअर तो काला तसाच्या तसा वाचतं. माझ्याकडे पंधरा वर्षांचे अर्जाचे नमुने त्या फॉन्टात होते. रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार हटकून बिघडतात. शेवटी रोज रात्री दोन-दोन नमुने नव्याने टाइप केले. दिवाळीपर्यंत ते काम चाललं.

आता एआयकडे वळतो. माझ्याकडे दोन-तीन साहाय्यक आहेत, सगळे फुकटातले. कागदाचा फोटो काढायचा, विचारायचं, ते सांगतं. वर्णन करणारी ॲपही आहेत. त्यांतलं बी माय आइज २०१५ चं, आधी त्यात फक्त डोळस स्वयंसेवक व्हिडिओवर मदत करायचे, २०२३ पासून फोटोचं वर्णन एआयही करतं. नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं मणी ॲप आहे. ते २०२० मध्ये आलं, इंटरनेटशिवाय चालतं, मराठी आणि कन्नड दोन्ही बोलतं. संध्याकाळी गल्ला मोजायला तेच वापरतो. त्याच्याबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं नाही, काम करतं.

एआयचा मला झालेला सगळ्यात मोठा उपयोग म्हणजे कन्नड अर्ज. माझं कन्नड बोलण्यातलं चांगलं आहे, बाजारात कुणी नावं ठेवणार नाही, पण कचेरीचं लेखी कन्नड मला कायम परकं वाटलं. पूर्वी शेजारच्या अण्णांना दहा वेळा विचारायचो. आता मराठीत मुद्दे बोलतो, साहाय्यक कन्नड मसुदा देतं, कानाने तपासतो, आणि अण्णांना शेवटी एकदाच दाखवतो. अण्णा म्हणतात, कन्नड बरोबर आहे, पण बेंगळुरूचं आहे, आमच्या धारवाडकडचं नव्हे. कचेरीत चालतं. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार अडकलेल्या बायकांचे अर्ज मी आता एका दिवसात इतके करतो की पूर्वी त्याला आठवडा लागायचा.

मराठीत लिहायला सांगितलं की मात्र साहाय्यक आपल्याला थेट महाराष्ट्रात नेऊन बसवतं. पहाणीचा, म्हणजे आमच्याकडच्या जमिनीच्या उताऱ्याचा, सात-बारा करतं, पीडीओचा, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याचा, ग्रामसेवक करतं, नाडकचेरी, म्हणजे तालुक्याखालची महसूल कचेरी, त्याला ठाऊकच नसते. एकदा तर अर्जाच्या माथ्यावर 'जिल्हा बेळगाव, महाराष्ट्र राज्य' असं ठणठणीत लिहून दिलं. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडलेला सीमाप्रश्न त्याने एका ओळीत मिटवला! गिऱ्हाईक खूश झालं, म्हणालं असंच राहू दे. पण तो कागद तहसील कचेरीत जायचा होता. आता दर वेळी पहिल्याच वाक्यात सांगतो: कर्नाटक, बेळगावी जिल्हा, खानापूर तालुका, कर्नाटकातले महसुली शब्द वापर. तरी तिसऱ्या-चौथ्या अर्जाला विसरतंच.

बोलून टाइप करायचंही तसंच. पुस्तकी मराठी बोललो तर अक्षर चुकत नाही. "तो शेताला जायलाय, पाणी सोडायलाय" असं आपल्या बोलीत बोललो की ते गोंधळतं. गावांची नावं तर विचारूच नका. हलग्याचं हलका केलं, किणयेचं किनारे. मी गावांची यादी करून फोनच्या वैयक्तिक शब्दकोशात लघुरूपं टाकली. हे मात्र फार उपयोगी पडलं.

आणि आता पहाणीचा किस्सा. पहाणी, म्हणजे आरटीसी, कन्नडमध्ये छापून येते. नवव्या रकान्यात मालकाचं नाव आणि क्षेत्र, अकराव्यात इतर हक्क आणि बोजे. एक म्हातारे शेतकरी सोसायटीच्या कर्जासाठी आले. फोटो काढला, साहाय्यकाला क्षेत्र विचारलं. १.२० एकर, म्हणालं. गुंठे किती? अठ्ठेचाळीस. मी अर्जात १ एकर ८ गुंठे टाकलं आणि वाचून दाखवलं.

"पावण्या," म्हातारा म्हणाला, "माझी दीड एकर हाय. बारा गुंठं कुठं घालवलास?"

आपल्याकडे क्षेत्र एकर, गुंठे, आणे असं लिहितात. चाळीस गुंठ्यांचा एकर. पहाणीवर १.२० छापलेलं असेल तर एक एकर वीस गुंठे, म्हणजे साठ गुंठे. तो ठिपका दशांशाचा नव्हे. साहाय्यकाने दशांश समजून हिशेब केला, आणि हिशेब म्हणून तो बिनचूक होता. मला राग आला तो माझा मलाच. मी तीस वर्षं पहाण्या वाचतोय. डोळ्याने वाचली असती तर ही चूक सात जन्मांत झाली नसती. कानात कुणीतरी ठामपणे अठ्ठेचाळीस म्हणालं आणि मी लिहून मोकळा झालो.

तेव्हापासून साहाय्यकाला अर्थ विचारत नाही. सांगतो: "जसं छापलंय तसं एकेक अंक सांग, अर्थ लावू नकोस, हिशेब करू नकोस." हिशेब मी तोंडी करतो. आणि आकडा असलेली प्रत्येक ओळ गिऱ्हाइकाला मोठ्याने ऐकवतो. ज्याची जमीन त्याला आकडा पाठ असतो. एनव्हीडीए निर्बुद्ध आहे, जे आहे तेच वाचतं, नसेल तर गप्प बसतं. साहाय्यक हुशार आहे, म्हणून त्याच्यावर जास्त लक्ष ठेवावं लागतं.

याची खात्री मोडी कागदाने करून दिली. हा भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे जुन्या घरांत मोडीतले कागद निघतात. आमच्या आज्जाचा एक कागद फोटो काढून दिला. साहाय्यकाने सुरेख, ओघवतं मराठी वाचून दाखवलं. देणं-घेणं, साक्षीदार, सगळं. घरातले सगळे ऐकायला जमले. दुसऱ्या दिवशी तोच फोटो परत दिला तर मजकूर वेगळा, साक्षीदारही वेगळे. मोडीसाठी अजून जाणकार माणूसच गाठावा लागतो.

गिऱ्हाइकांच्या कागदांबद्दल एक सांगायचं राहिलं. फोटो इंटरनेटवर जातो, म्हणून आधी विचारतो. आधारच्या नंबरावर काळ्या पुठ्ठ्याची पट्टी ठेवतो, तिला कडेला दोरा लावलाय म्हणजे बोटाला सापडते. कुणी नको म्हटलं तर त्यांनाच वाचायला सांगतो. वाईट वाटून घेत नाही.

रस्त्यावर मात्र यातलं काही फारसं कामाचं नाही. बसचा बोर्ड फोन वाचून सांगेपर्यंत जांबोटीची गाडी गेलेली असते. "कुठली गाडी ओ?" एवढं विचारलं की चार जण सांगतात. पावसात ओल्या बोटांना स्क्रीन ओळखत नाही, आणि खानापूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. वीज गेली की पॉवर बँकेशिवाय दुकान बंद. फुकटच्या साहाय्यकाची दिवसाची मर्यादा आठवडी बाजारादिवशी, रविवारी, दुपारीच संपते. पैसे भरायचा विचार दोनदा केला, अजून भरलेले नाहीत.

आणि कॅप्चा. वाकडीतिकडी अक्षरं ओळखा, म्हणजे तुम्ही माणूस आहात हे सिद्ध होईल. ऐकायची सोय नसलेले कॅप्चा सरकारी कामाच्या पानांवरही भेटतात. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलं, तेव्हा फार बरं वाटलं होतं. दुकानात अजून माझा रोजचा उपाय जुनाच आहे. स्क्रीन समोरच्याकडे फिरवतो. परवा एक आज्जी नातीला घेऊन आल्या होत्या, पोरगी सहावीत. म्हटलं, बाळ, ही अक्षरं सांग बघू. ती टेबलावर रेलून एकेक अक्षर सांगायला लागली, मध्येच थांबली, म्हणाली, "काका, हा लहान आर हाय का मोठा? मोठा म्हणून घाला, चुकला तर दुसरं येतंय की."