असली शिपाई पोकळ असतो

साडेपाच क्विंटल कापसाचे पैसे मी आठ खेळण्यांत घातले. लिहायला लाज वाटते, तरी लिहितो, कारण तो माणूस आता दुसऱ्या कुणाला दुसरी गोष्ट सांगत असेल.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यातलं. आजोबा शकुंतलेवर गँगमन होते. बाहेरच्यांसाठी सांगतो, शकुंतला म्हणजे मूर्तिजापूर–अचलपूर ही आमची नॅरोगेज गाडी. बनोसा, कापूसतळणी, अंजनगाव असं करत रमतगमत जायची. रूळ इंग्रजी कंपनीचे, त्यामुळे जुन्या काळी साहेबलोकांचा राबता. कुणा साहेबाच्या घरून आजोबांना एक खेळण्यातला शिशाचा शिपाई मिळाला होता. बोटाएवढा, लाल डगल्याचा, मुंडकं तुटलेला. आजोबांनी आगपेटीची काडी मानेत खुपसून मुंडकं परत बसवलं. तान्ह्या पोळ्याला मी तो शिपाई माझ्या लाकडी नंदीच्या पाठीवर सुतळीनं बांधून न्यायचो. बाकी पोट्ट्यांच्या नंदीवर झूल, माझ्या नंदीवर पलटण.

मोबाइल आल्यावर शोधलं तेव्हा कळलं की असे शिपाई लंडनच्या ब्रिटन्स नावाच्या कंपनीनं 1893 पासून काढले. मापाला 54 मिलिमीटर, लाल डब्यात साधारण आठ-आठच्या तुकड्या. शिशाचं काम त्यांनी 1966 मध्ये थांबवलं. जगात हे जमवणारे लोक आहेत, हे कळल्यावर मीही हुरळलो. आजोबांच्या शिपायाचा फोटो फेसबुकवर टाकला आणि सगळी हकीकत लिहिली: गँगमन, साहेब, बनोसा स्टेशन, काडी, सगळं.

तिथंच गफलत झाली, हे मला फार उशिरा कळलं.

दोन-अडीच आठवड्यांनी मेसेज आला. भाषा एकदम सभ्य, "सर" शिवाय बोलणं नाही. म्हणे, अचलपूरकडे रेल्वेच्या एका गोऱ्या साहेबाचा बंगला होता, साहेब विलायतेला परत जाताना मुलाच्या खेळण्यांची पेटी खानसाम्याला देऊन गेला, खानसाम्याच्या नातवाला आता पैशाची गरज आहे. डबा उघडलेलाही नाही फारसा. मी वाचता वाचता मनातल्या मनात त्या मुलाच्या हातून एक शिपाई पडताना पाहिला, मुंडकं तुटताना पाहिलं. आजोबांचा शिपाई याच पेटीतला असणार! त्यानं तसं एकदाही म्हटलं नाही. ते मीच म्हटलं. त्यानं फक्त माझ्याच पोस्टमधले तुकडे उचलून मला परत दिले, जोड मी लावली.

फोटो आले. लाल डबा, आत पुठ्ठ्यावर दोऱ्यानं बांधलेले आठ शिपाई. किंमत 45,000 सांगून 38,500 वर आला. पावती मागितली तर म्हणाला, "सर, शंभर वर्षांवरची वस्तू आहे. पुरातन वस्तूंचा 1972 चा कायदा माहीत आहे ना तुम्हाला? कागद केला तर तुम्हीच अडकाल." कायदा खराच आहे, आणि शंभर वर्षांची अटही त्यात आहे, म्हणून तर मी गप्प बसलो. आता वाटतं, कायद्याचं नाव घेऊन जो कागद टाळतो, त्याला कायद्याचीच भीती असते.

बायकोनं एकदा टोकलं. "कापसाचे पैसे हायेत ते. तूर अजून निंगाची हाय." मी ऐकलं नाही. दहा हजार यूपीआयनं पाठवले, बाकीचे नगदी, मूर्तिजापूर स्टेशनच्या बाहेर. डबा घेऊन आलेला पोरगा वेगळाच होता. मी झाकण उचललं, आणि जुन्या पुठ्ठ्याचा कुबट वास यायच्या जागी ऑइलपेंटचा वास आला. ध्यानात आलं होतं, खोटं बोलत नाही. पण मनानं लगेच उत्तर तयार केलं: एवढी वर्षं बंद डबा, वास कोंडला असेल. पोरगा पैसे मोजून पाच मिनिटांत गेला.

डबा महिनाभर कपाटात होता. पाहुणे आले की काढायचो. शेवटी गावातल्या सोनाराकडे नेला, तोही दाखवायलाच, तपासायला नव्हे.

त्यानं एक शिपाई तळहातावर घेऊन दोनदा वरखाली केला. "भाऊ, आजोबाचा तो शिपाई आना बरं."

आणला. काट्यावर ठेवले. उंची दिसायला सारखीच, पण नवा वजनाला दीडपटीच्या वर भरला. मग त्यानं आजोबांच्या शिपायाचं मुंडकं हलकेच काढलं, काडीसकट, आणि मानेच्या भोकातून सुई आत सोडली. सुई कमरेपर्यंत गेली. नव्याच्या टोपीवर तसंच बारीक भोक होतं, तिथं सुई टेकवली तर दाण्याएवढी आत गेली अन् अडली. "हे तं भरीव हाय," तो म्हणाला. "भोक निस्तं दाखवाले."

घरी येऊन पुन्हा वाचलं, या वेळी डोळे उघडे ठेवून. ब्रिटन्सची सगळी करामतच पोकळपणात होती. वितळलेलं शिसं साच्यात ओतायचं, साच्याला लागलेला थर थिजला की साचा उलटा करून आतलं पातळ शिसं भोकातून परत काढून घ्यायचं. शिसं कमी लागतं, माल स्वस्त पडतो. भरीव माल विकणाऱ्या जर्मन कारखान्यांना त्यांनी याच्यावरच मात दिली. म्हणजे ते भोक कारागिरीची खूण आहे. नकलवाल्यानं असल शिपायावरून रबरी साचा घेतला, साच्यात भोकाचा खळगा आला, आणि ओतताना आत भरून टाकलं. ज्या शिपायाची मान काडीनं जोडली आहे, तो पोकळ आहे हे मला सातव्या वर्षापासून माहीत होतं. कंदिलाच्या उजेडात आत डोकावून पाहायचो मी.

दुसरी गोष्ट सोनारानं भिंगाखाली दाखवली. डब्यावरची छापील चिठ्ठी बारीक ठिपक्यांची होती. त्यानं बोट थुंकीनं ओलं करून कोपऱ्यावर फिरवलं, बोट लाल झालं. घरच्या प्रिंटरची शाई. रंगाचंही तसंच. खेळण्याचा रंग कुठं झिजतो? जिथं लेकरांची बोटं लागतात तिथं: टोपीचा शेंडा, नाक, खांदा, बंदुकीची नळी. आमच्या जुन्या नंदीचीही वशिंड आणि शिंगंच उघडी पडली आहेत, पोटाखाली रंग शाबूत आहे. या आठांचा रंग काखेत आणि दोन पायांच्या मधे खरवडलेला होता. शिवाय आठही शिपाई एकाच जागी झिजलेले. घाईघाईत माल जुना करणाऱ्याचं काम.

घरी फूटपट्टी लावली. पायापासून खांद्यापर्यंत नवे शिपाई आजोबांच्या शिपायापेक्षा किंचित बुटके निघाले. धातू थंड होताना आकसतो, म्हणून असलवरून साचा घेतलेली नक्कल थोडी लहानच निघते. शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही, आणि माझ्याकडे शेजारी ठेवायला होता.

एक सांगायला हवं. नक्कल करणं हा गुन्हा नाही. हौशी लोक नवे साचे करतात, नवे म्हणून विकतात, घेणारे आनंदानं घेतात. मला हे आठ शिपाई आठशे रुपयांत नवे म्हणून मिळाले असते तरी मी खूश झालो असतो.

पोलिसांत गेलो. त्यांनी नीट ऐकून घेतलं, भारतीय न्याय संहितेच्या 318 कलमाची फसवणूक म्हणून अर्ज लिहून घेतला. यूपीआयच्या दहा हजारांबद्दल विचारलं, 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, फोन कधी केला? केलाच नव्हता, महिना झाला होता. तो फोन पैसे गेल्या-गेल्या करायचा असतो, तर रक्कम पुढच्या खात्यात थांबवता येण्याची आशा असते. नगदीचा पुरावा काय? पोरगा कोण होता? मला त्याच्या शर्टाचा रंगही आठवेना. शिपायांच्या डगल्यावरची बटणं मात्र मोजून सांगितली असती.

भाच्यानं खेळायला मागितले, दिले नाहीत. शिसं लेकरांच्या हाती द्यायची चीज नाही, असल असो की नक्कल.

मागच्या आठवड्यात पुन्हा सोनाराकडे गेलो. सात शिपायांच्या बैठकीखाली त्याच्याकडून "नक्कल" असं कोरून घेतलं, म्हणजे माझ्यामागं कपाट आवरताना कुणी ते पुन्हा जुने म्हणून विकू नये. आठवा त्यानं माझ्यासमोर करवतीनं मधोमध कापला. आत चकचकीत, ठासून भरलेला. दोन्ही अर्धे मी देव्हाऱ्याशेजारी आजोबांच्या शिपायाजवळ ठेवले आहेत. सोनारानं कामाचे पैसे घेतले नाहीत, चहाचे मात्र माझ्याकडूनच घेतले.