टेक्सासमधल्या ग्लेन रोजचं डायनासोर व्हॅली पार्क: नदी आटली असेल तरच जा
दोनदा गेलोय इथे, त्यामुळे आधी पहिल्या वेळेस कसा पोपट झाला ते सांगतो. मे महिना, आई साताऱ्याहून आलेली, डॅलसहून दीडेक तास गाडी हाणत गेलो आणि बघतो तर पॅलक्सी नदी गढूळ, दुथडी भरलेली. जी बघायला जायचं ती डायनासोरची पावलं (दगडात उमटलेले ठसे) सगळी नदीच्या पात्रात, म्हणजे पाण्याखाली! आदल्या दिवशी पाऊस झाला होता, निघायच्या आधी नदीची स्थिती चेक करायची असते ती मी केलीच नाही, चूक माझीच. मग फायबरग्लासच्या दोन मोठ्या डायनासोरपुढे फोटो काढून परत (ते 1964-65 च्या न्यूयॉर्क वर्ल्ड फेअरमधले आहेत म्हणे, तेवढंच समाधान).

ऑगस्टमध्ये परत गेलो. ऊन मी म्हणत होतं पण पात्र जवळजवळ कोरडं, आणि काय दिसलं राव! तीन बोटांची पावलं एकापुढे एक सरळ चाललेली. आई म्हणाली, "अरे ही तर कोंबडीची पावलं, फक्त परातीएवढी." तिचं काही चुकलं नाही, दोन पायांवर चालणारा मांसाहारी डायनासोर होता तो, अ‍ॅक्रोकँथोसॉरस असावा असं म्हणतात, आणि पक्षी त्याच खानदानातले. दुसरी पावलं लांब मानेच्या शाकाहारी धुडाची, घंगाळ रुतवून काढल्यासारखे खड्डे. मला आवडली ती त्यांची कड, चिखलात पाय दाबला की बाजूची माती वर येते ना, तशीच वर आलेली आणि तशीच दगड झालेली, 11 कोटी वर्षांपूर्वीची! तेव्हा इथे समुद्रकिनारा होता, चुन्याचा चिखल होता.

न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये मोठ्या सांगाड्यामागे जी पावलं आहेत ती पण इथूनच काढून नेलेली, त्याच म्युझियमसाठी जीवाश्म गोळा करणाऱ्या रोलंड बर्डने, 1940 च्या सुमारास. आणि हो, इथे माणसाची पावलं सापडली असं कुणी सांगितलं तर लक्ष देऊ नका, 1930 च्या दशकातल्या महामंदीत लोक ती कोरून विकायचे, आणि बाकीची लांबट दिसणारी पावलं तळवा टेकवत चाललेल्या डायनासोरचीच आहेत.

तिकीट मोठ्यांना 8 डॉलर, 12 वर्षांपर्यंतच्या पोरांना फुकट, वीकेंडला आधी बुक करा. पाण्यातले शूज घाला, शेवाळावरून मी सपशेल आपटलोय. पात्रात सावली नाही, सकाळीच जा, पाणी भरपूर न्या.

चार स्टार, एक कापला तो उन्हाचा. पुढच्या वेळी डिकीत खराटा टाकणार, कारण निम्म्या पावलांत गाळ बसलेला असतो, आईने ओढणीने दोन साफ केली आणि मग घरी येईपर्यंत ती ओढणी कशी धुवायची याचीच चर्चा.